लेकराची फाईल

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही तिघीजणी गेली बरीच वर्षं बेळगावात लहान मुलांच्या थेरपीचं काम करतो. एक फिजिओथेरपी बघते, एक ऑक्युपेशनल थेरपी आणि एक वाचा-उपचार. बोलायला एकच उभी असली तरी बोलणं तिघींचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणते. मंडळानं विषय दिला होता, 'मुलांची थेरपी आणि पालक'. आम्ही त्यातला एक कोपरा उचलला आहे, ज्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. तो म्हणजे कागदपत्रं.

गणपतीसमोर कागदपत्रांवर काय बोलायचं, असं वाटेल. पण हा देव स्वतःच लेखनिक होता. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. गणपतीनं अट घातली, की माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. आमच्या कामात पहिली अट सगळेच घालतात. दुसरी मात्र आपली आपणच घालून घ्यावी लागते. ती आम्ही मोडली तेव्हा काय झालं, हे आज सांगायचं आहे.

आधी काम थोडक्यात सांगतो. आमच्याकडे निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर भागातून मुलं येतात, तशी चंदगड, गडहिंग्लज, कागलहूनही येतात. कुणी वेळेआधी जन्मलेलं, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, कुणी तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. एका मुलाला पाऊण तास मिळतो. त्या पाऊण तासात बघणाऱ्याला वाटतं, खेळच चाललाय. मोठ्या चेंडूवर झुलवायचं, कणकेचे गोळे करायला लावायचे, साबणाचे फुगे उडवायचे. त्या प्रत्येक खेळामागे एखादा स्नायू, एखादी सवय, एखादा शब्द असतो.

आणि त्या पाऊण तासाच्या मागे कागद असतात. पहिल्या भेटीचा इतिहास, तपासणीचा अहवाल, रोजची नोंद, महिन्याचा आढावा, घरी करायच्या व्यायामाचा कागद, डॉक्टरांना पत्र, शाळेला पत्र, प्रमाणपत्रासाठी अहवाल, विम्यासाठी बिल, पालकांचं संमतीपत्र. दिवसाला आठ-दहा मुलं बघितली, की संध्याकाळी टेबलावर हा ढीग वाट बघत असतो. मग ते लिखाण एक तर मुलाच्या वेळात होतं, नाही तर आमच्या घरच्या वेळात, नाही तर होतच नाही.

आमच्या व्यवसायाचं आपल्या मराठी मुलखाशी जुनं नातं आहे. ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू केलं कमलाबाई निंबकरांनी. जन्मानं त्या अमेरिकन, लग्न होऊन निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची. १९५२ साली त्यांनी या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी जागतिक संघटना स्थापन झाली, आणि तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

नोंदी कशा लिहायच्या याचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेतले डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६०च्या दशकात त्याची घडी बसवली. नोंदीचे चार भाग. रुग्ण किंवा घरचे काय म्हणाले, आपण डोळ्यांनी काय पाहिलं आणि काय मोजलं, त्यावरून आपल्याला काय वाटतं, आणि आता पुढे काय करायचं. कॉलेजात हे आम्हाला घोटून शिकवलं होतं. परीक्षेत आम्हाला त्याला मार्कही चांगले पडले होते. तरीसुद्धा आमच्या हातून दोन चुका झाल्या. त्या मुलांच्या आईंना विचारून, मुलं ओळखू येणार नाहीत अशा बेतानं त्या इथे सांगतो.

पहिली गोष्ट एका चार वर्षांच्या मुलाची. स्वमग्नता असलेलं मूल. नजर देत नव्हतं, बोट दाखवून काही मागत नव्हतं. बोट दाखवणं ही छोटी गोष्ट वाटते, पण त्यात 'मला जे दिसतंय ते तूही बघ' हे सांगणं असतं. बोलण्याची ती पहिली पायरी. त्या आठवड्यात आमचे बरेच अहवाल थकले होते. फुगे उडवायचं काम आईकडे देऊन आमच्यातली एक शेजारीच लॅपटॉपवर लिहीत बसली. तेवढ्यात त्या पोरानं फुग्याकडे बोट केलं आणि वळून बघितलं. आईकडे नव्हे, आमच्याकडे. आई ओरडलीच, "मॅडम, बघितलासा काय?"

आम्ही बघितलं नव्हतं. मान वर करेपर्यंत फुगा फुटला होता आणि पोरगं चाकाशी खेळत होतं. त्याहून वाईट पुढे झालं. संध्याकाळी घाईत नोंद लिहिताना मागच्या आठवड्याचंच वाक्य उतरलं, 'संवादासाठी स्वतःहून पुढाकार नाही'. महिन्याअखेरीस प्रत आईच्या हातात गेली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी केलं होतं की वो त्यानं." ज्या दिवशी मुलानं पहिल्यांदा पुढाकार घेतला, त्याच दिवसाच्या कागदावर आम्ही 'पुढाकार नाही' असं लिहून सही केली होती.

दुसरी गोष्ट निपाणीजवळच्या एका खेड्यातली. सेरेब्रल पाल्सीचा मुलगा, पायांत ताठरपणा. आई घरी विड्या वळायची. आठवड्यातून दोनदा पहाटे उठून निपाणीला यायचं आणि तिथून बसनं बेळगाव गाठायचं. येताना जाताना मिळून पार दीडशे किलोमीटर. त्या दिवशीच्या विड्या बुडायच्या त्या वेगळ्याच. अकरा महिने ती आली. मग वडिलांना इचलकरंजीला यंत्रमागावर काम मिळालं आणि कुटुंब तिकडे गेलं. आम्ही फाईलची प्रत दिली आणि निरोप दिला.

काही महिन्यांनी ती आई भेटायला आली. मुलाच्या उजव्या घोट्यावर जखम भरून आल्याचा डाग होता. तिकडे नव्या थेरपिस्टनं मूल नव्यानं तपासलं आणि पायाला पूर्वीच्याच मापाचं स्प्लिंट करून दिलं. ते घोट्याला घासतं, आतून मऊ पट्टी लावावी लागते, हे आम्हाला माहीत होतं. हा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहत नाही, खिडकीपाशी रस्त्यावरच्या गाड्या दिसल्या की दहा मिनिटं उभा राहतो, हेही माहीत होतं. पण फाईलमध्ये यातलं काहीच नव्हतं. अकरा महिन्यांच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत एकच ओळ होती, 'प्रगती समाधानकारक, उपचार पुढे चालू'. नव्या जागी त्या मुलाचे पाच-सहा महिने पुन्हा पहिल्या इयत्तेत गेले, वर जखम.

त्या बाईनं जे विचारलं ते आम्ही विसरू शकत नाही. घरी विड्या वळणाऱ्या बाईला लॉगबुक असतं. त्यात पान-तंबाखू किती दिला आणि विड्या किती आल्या ते लिहिलं जातं. ती म्हणाली, "माझ्या लॉगबुकात एकेक हजार मोजून लिवत्यात. एक दिस लिवलं नाही तर मजुरी गेली. माझ्या पोराच्या वहीत तुम्ही काय लिवलंसा, मॅडम?"

वरवर बघितलं तर दोन चुका उलट्या वाटतात. पहिल्यात लिखाणापायी मूल बघायचं राहिलं, दुसऱ्यात मुलाच्या गडबडीत लिखाण राहिलं. पण खोलात गेलो तर चूक एकच. दोन्ही वेळा लेखणी चालत होती आणि अर्थ समजलेला नव्हता. म्हणून 'कागद कमी करा, मुलांना वेळ द्या' असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि टाळ्याही मिळतात. पण कागद कमी झाला की नुकसान होतं ते बसनं येणाऱ्या आईचंच.

कागदानं काय मिळतं, ते थोडं तपशिलानं सांगतो, कारण आपल्यापैकी कुणाच्या तरी घरात, शेजारात याची गरज असेल. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, त्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. २०१६च्या कायद्यानं ते २१ केले. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. १९९९च्या कायद्यानं स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी आहे. त्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही धरला जातो. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात आणि गरज असेल त्याला पुढे पाठवतात. यातली एकही गोष्ट नुसत्या तोंडी सांगण्यानं मिळत नाही.

आणि तो कागद खरा असावा लागतो. स्वमग्नतेचं प्रमाण ठरवायला 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. मूल शांतपणे बघितलं, आईशी सविस्तर बोललं, तरच ते गुण खरे येतात. टेबलावर बसून दहा मिनिटांत खुणा करता येतात, नाही असं नाही. पण त्या आकड्यावर त्या मुलाची शाळा, सवलत, पेन्शन अवलंबून असते. खूण दोन घरं इकडे-तिकडे झाली तर त्याचं मोल आम्ही भरत नाही, ते लेकरू भरतं.

मग आम्ही काय बदललं? फार मोठं काही नाही.

पहिलं, पाऊण तासातली पहिली पस्तीस मिनिटं हातात पेन नाही, मोबाईल नाही, लॅपटॉप नाही. मोजायचं असेल तर खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त आकडे. शेवटची दहा मिनिटं आईबरोबर चटईवर बसून नोंद लिहायची आणि तिला वाचून दाखवायची. ती म्हणाली 'तसं नाही, असं झालं', तर तिथेच दुरुस्त करायचं. याला विरोधही झाला. एका वडिलांनी स्पष्ट विचारलं, "दहा मिनिटं कमी केलासा, मग फी तेवढीच का?" प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही समजावलं. काहींना पटलं, काही जण दुसरीकडे गेले. ते सोसावं लागलं.

दुसरं, 'समाधानकारक' हा शब्द आमच्याकडे बंद. त्याऐवजी असं लिहायचं, की 'डावा हात टेकून चार मिनिटं बसला, मागच्या महिन्यात दोन'. लिहायला वेळ तितकाच लागतो. पण हे वाचून इचलकरंजीतलाच काय, कुठलाही थेरपिस्ट दुसऱ्या दिवसापासून काम पुढे नेऊ शकतो.

तिसरं, अर्ज, अहवाल, शाळेची पत्रं यासाठी शनिवारची दुपार राखून ठेवली. त्या वेळी मुलं घेत नाही. उत्पन्न थोडं कमी झालं, पण रात्री अकराला डोळे चोळत सह्या करणं थांबलं. थकलेल्या माणसाच्या हातून मागच्याच आठवड्याचं वाक्य उतरतं, हे आम्ही अनुभवानं शिकलो.

चौथं, मुलाचे फोटो आणि व्हिडिओ. 'मॅडम, ग्रुपवर टाका की, किती छान चालतोय' असं पालकच म्हणतात. आम्ही टाकत नाही. २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानं मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आज चार वर्षांचं असलेलं पोर उद्या वीस वर्षांचं होणार आहे. त्याच्या आजाराची चर्चा गावभर असावी का, हे त्याला ठरवू द्या.

आता आपल्या सीमाभागाचं. इथे कागदाचं महत्त्व आम्ही वेगळं सांगायला नको. १९५६पासून आपल्या घराघरांत निवेदनं, अर्ज, दावे यांच्या फायली आहेत. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. आमच्यापुढचा प्रश्न छोटा आणि रोजचा आहे. आमच्याकडच्या एका मुलाच्या एका फाईलमध्ये तीन भाषा असतात. अहवाल इंग्रजीत, अर्ज आणि शाळेचं पत्र कन्नडमध्ये, आणि घरी बोलणं मराठीत. आईला वाचता येतं फक्त मराठी. म्हणजे मुलाबद्दल सगळ्यात जास्त जिला माहीत आहे, तिलाच फाईल वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीनंतर आम्ही एका पानाचा मराठी गोषवारा देतो, मोठ्या अक्षरात.

भाषेमुळे तपासणीही चुकू शकते. एक मूल घरी 'पाणी' म्हणतं, अंगणवाडीत 'नीरू' म्हणतं, 'आज्जी' म्हणतं, शेजारच्या मुलाला 'बा' म्हणून बोलावतं आणि चेंडूला 'बॉल' म्हणतं. फक्त मराठीतलं मोजलं तर शब्द दोन, सगळ्या भाषांतले मोजले तर पाच. नोंदीत दोन लिहिले तर ते मूल कागदावर जास्त मागे पडतं. 'घरात तीन भाषा आहेत म्हणून बोलत नाही, मराठी बंद करू का?' असं आई-वडील विचारतात. बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मुलाला वाचादोष होत नाही. आजीची भाषा तोडली तर मात्र त्याच्याशी मनापासून बोलणारं एक माणूस कमी होतं.

आणखी एक, कुटुंब राज्याची सीमा ओलांडून गेलं तर यूडीआयडी कार्ड चालतं, पण पेन्शन, बसपास अशा योजना प्रत्येक राज्याच्या वेगळ्या असतात, त्यांचे अर्ज नव्यानं करावे लागतात. जाण्याआधी थेरपिस्टकडून सविस्तर अहवाल मागून घ्या. संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे, आणि विचारल्यावर आम्हालाही नीट लिहावं लागतं.

घरातल्या आजी-आजोबांना एक विनंती. बाळ जन्मलं त्या दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद टाकू नका. वजन किती होतं, कितव्या आठवड्यात जन्मलं, लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, हे सगळं त्या एका कागदात असतं. तीन वर्षांनी आम्ही विचारतो तेव्हा कुणालाच आठवत नाही. एक साधी प्लास्टिकची पिशवी करा. सगळ्यात वर जन्माचा कागद, मग तपासण्या तारखेप्रमाणे, मग कार्ड आणि प्रमाणपत्रं. मूळ कागद कुठेही देऊ नका, झेरॉक्स द्या.

शेवटी मंडळाकडे एक मागणं आहे. या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले, कचेरीतले अधिकारी आहेत. तुमच्यापैकी अनेकांना मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा वाचता-लिहिता येतात. असं माणूस आमच्याकडे येणाऱ्या आईच्या गावात सहज मिळत नाही. महिन्यातला एक शनिवार, दोन तास, मंडळाच्या खोलीत दोघा-तिघांनी बसावं आणि या आईबापांचे अर्ज भरून द्यावेत. थेरपीचं काही यायला लागत नाही. फक्त एक अट पाळावी लागेल. ज्याचा अर्ज आहे त्याला ओळ वाचून दाखवल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं समजल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही.

त्या विड्या वळणाऱ्या आईचा मुलगा पुन्हा आमच्याकडे नाही, तो इचलकरंजीलाच आहे. तो आता शाळेत जातो. हात अजून ताठर आहे, अक्षर काढायला फार वेळ लागतो. पुढे दहावीला बसेल तेव्हा नियमानं त्याला तासाला किमान वीस मिनिटं जास्तीची मिळतील, आणि लेखनिकही मिळेल. तो सांगेल आणि दुसरं कुणी लिहील. त्यासाठी लागणारा अहवाल त्याच्या आईनं आमच्याकडून मागच्या वर्षीच लिहून घेतला. आम्ही लिहिला, तिला पूर्ण वाचून दाखवला. तिनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. दोन्ही बरोबर होत्या.

 गणपती बाप्पा मोरया!